भिंत पाहून रोलर

चवथ जवळ आली की आमच्याकडे घराला रंग काढायची घाई सुरू होते. पूर्वी हे काम बाबांचेच. चुन्यात थोडी नीळ घालून ते कुंचल्याने भिंती उजळवीत.

ते थकल्यावर काम माझ्याकडे आले. मी दोन दिवस रजा टाकली, बाजारातून एकच रोलर आणला. आतल्या गुळगुळीत भिंती झकास झाल्या. बाहेरच्या खडबडीत गिलाव्यावर मात्र खळग्याखळग्यांतून जुना रंग डोकावत राहिला. ओसरीवर बसलेले बाबा एवढेच म्हणाले, "भिंत पाहून हत्यार घ्यावे रे!"

दुकानदाराने मग समजावले. लांबी भरलेल्या गुळगुळीत भिंतीला सहा ते दहा मिलिमीटर लवेचा रोलर पुरतो. खडबडीत भिंतीला अठरा-वीस मिलिमीटरची दाट लव हवी. तीच खळग्यात पोचते. सपाट दारांच्या ऑइल पेंटला बारीक स्पंजाचा. कोपऱ्यांना कुंचलाच.

त्या रात्री दमून मी रोलर तसाच टाकला. सकाळी तो लाकडासारखा कडक! बाबांनी माळ्यावरचा आपला जुना कुंचला काढायला लावला. केस अजून मऊ होते. रोज संध्याकाळी धुतलेला ना!

आता मीही काम संपताच रोलर धुतो. पाण्याच्या रंगाला पाणी, ऑइल पेंटला टर्पेंटाइन. पिळून, लव दबू नये म्हणून टांगून ठेवतो. उद्या तोच रंग लावायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळतो.

मी विहिरीवर रोलर धुतो तेव्हा बाबा ओसरीवरून पाहत असतात. बोलत काही नाहीत. मला तेवढे पुरते.