‘लॉयल्टी’ नावाची आगबोट

सीएसएमटीला उतरून जीपीओला वळसा घातला की पायाखालचा रस्ता वालचंद हिराचंद यांच्या नावाचा असतो. आम्हा सोलापूरकरांना हे नाव घरचंच. वालचंदांचा जन्म १८८२ साली आमच्या गावात झाला. तिथून धक्क्याच्या दिशेने चालत राहिलं की बॅलार्ड इस्टेट लागते आणि नरोत्तम मोरारजींच्या नावाचा रस्ताही. या दोघांनी काही सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये एक वापरलेली आगबोट विकत घेतली होती. त्या बोटीच्या खुणा शोधत मी मुंबईचा पूर्व किनारा पायी हिंडलो.

बॅलार्ड इस्टेट ही समुद्र बुजवून केलेली जमीन. इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, गेट वे ऑफ इंडियाचेही वास्तुशिल्पकार तेच. पहिलं महायुद्ध चालू होतं त्याच वर्षांत ही वसाहत उभी राहिली. एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, रुंद पदपथ, झाडांची गर्द सावली. दुपारीसुद्धा इथे पाय रेंगाळतात. युद्धात कामी आलेल्या पोर्ट ट्रस्टच्या माणसांचा स्मारकस्तंभही इथेच आहे. जवळच सिंदिया हाऊस. एकेकाळी भारतातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपनीचं मुख्यालय, आता तिथे आयकर खात्याची कार्यालयं. कंपनीला हे नाव मिळालं ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरून. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्याचं नाव महासागरावर गेलं, ते या एका बोटीमुळे.

ती बोट १८९० साली इंग्लंडमध्ये बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीत पाण्यात उतरली. नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, मालक कॅनेडियन पॅसिफिक कंपनी. साडेचारशे फुटांहून थोडी अधिक लांबी, पांढरा रंग, तीन डोलकाठ्या आणि शिडाच्या गलबतासारखी पुढे झेपावलेली नाळ. हाँगकाँग, योकोहामा, व्हँकूवर या मार्गावर ती टपाल आणि प्रवासी वाहत असे. १८९३ च्या जुलैमध्ये योकोहामाहून सुटलेल्या तिच्या एका सफरीत दोन भारतीय प्रवासी होते. शिकागोच्या धर्मपरिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद आणि जमशेटजी टाटा. विवेकानंदांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, पॅसिफिकच्या थंडीने त्यांचे हाल झाले. टाटा तेव्हा परदेशी बोट कंपन्यांच्या मक्तेदारीला कंटाळून जपान्यांशी भागीदारी जुळवण्याच्या खटपटीत होते. त्यांची ‘टाटा लाईन’ सुरू झाली आणि दरयुद्धात बंदही पडली. पण ज्या बोटीवर ते बसले होते, तीच पुढे भारतीयांच्या हाती यायची होती.

मधली काही वर्षं मात्र युद्धाची. माझ्या लेखी हीच या बोटीची सर्वांत मोठी वर्षं आहेत, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

१९१४ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आणि भोपाळच्या बेगम यांनी इतर संस्थानिकांना बरोबर घेऊन भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज द्यायचं ठरवलं. डिसेंबरात ‘एम्प्रेस’ विकत घेतली गेली आणि जानेवारी १९१५ मध्ये ती ‘लॉयल्टी’ झाली. ही निष्ठा ब्रिटिश साम्राज्याशी होती, हे आज खटकतं. पण खाटेवर पडलेल्या शिपायाला बोटीच्या नावाशी काय घेणं? प्रवासी बोटीवर स्वयंपाकघर, धुलाईघर, पाण्याच्या टाक्या आणि हवा खेळती ठेवायची सोय आधीपासूनच असते. दिवाणखाने मोकळे केले की वॉर्ड तयार होतात. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे अशा जहाजाला पांढरा रंग द्यायचा, त्यावर आडवा पट्टा ओढायचा. सरकारी असेल तर हिरवा, खासगी मदतीचं असेल तर लाल. शत्रूला जहाजाचं नाव आगाऊ कळवायचं आणि जखमी कोणत्याही देशाचा असला तरी त्याची शुश्रूषा करायची. एवढं करूनही अभय मिळेलच असं नव्हतं. १९१८ मध्ये ‘लँडोव्हरी कॅसल’ हे इस्पितळ-जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलंच.

अशा जहाजांची निकड किती होती, ते मेसोपोटेमियात दिसलं. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, टेसिफॉनला लढली. १०३ आणि ११० या मराठा पलटणी तिच्यात होत्या. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीकाठी आणलं आणि उघड्या बोटींवर दाटीवाटीने घालून बसऱ्याला धाडलं. ‘मजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा ‘वरेला’ या इस्पितळ-जहाजावरचे डॉक्टर मेजर कार्टर तिच्याकडे पाहत होते. दूरवरून त्यांना बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत असं वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती माणसांची विष्ठा होती. कठड्यापर्यंत सरकायचंही त्राण नसलेले जखमी दिवसचे दिवस तसेच पडून होते. कार्टर यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली, तर त्यांनाच दम भरला गेला. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना पायउतार व्हावं लागलं.

त्या आघाडीवरचे जखमी मुंबईला आणले जात. बॅलार्ड इस्टेटीहून मी चालत वस्तुसंग्रहालयात गेलो. ही इमारतही विटेट यांचीच. १९१४ मध्ये बांधून झाली, पण संग्रहालय म्हणून उघडली ती १९२२ मध्ये. युद्धकाळात ते लष्करी इस्पितळ होतं. घुमटाखालच्या गार फरशीवर उभा राहिलो की आता मला मूर्तींच्या आधी खाटा दिसतात. संध्याकाळी मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये गेलो. पहिल्या महायुद्धात समुद्रातच ज्यांना मरण आलं, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. कोकणातली कितीतरी माणसं तेव्हा बोटींवर होती.

युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ विक्रीला निघाली. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून ती घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडला निघाली. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी बोट कंपनी इंग्रजांनी मोडून काढल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. हे धाडस किती मोठं होतं, ते त्यावरून समजतं. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे.

बोट मात्र थकली होती. १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत काढली. दुसऱ्या दिवशी मी रे रोडला उतरून दारुखान्यात गेलो. जुन्या बोटी मोडायचा धंदा तिथे अजून चालतो. एका गाळ्यापुढे नांगराची साखळी वेटोळं घालून पडली होती. एकेक कडी माझ्या हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी, हात लावला की गंजाचे पापुद्रे सुटत होते. आत एक कारागीर पितळी खिडकीची गोल चौकट घासत बसला होता. मोडलेल्या बोटीचं काय होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “काय व्हायचंय साहेब, पत्रा रोलिंग मिलला जातो, इमारतीची सळई होऊन येते.”

‘लॉयल्टी’वरून आलेल्या जखमींची आठवण सांगणारा एकही फलक मला या दोन दिवसांत कुठे आढळला नाही. धक्क्याजवळ तो लागायला हवा, आणि ५ एप्रिलला सफरीइतकंच त्या रुग्णांबद्दलही बोललं जायला हवं. आपल्या बऱ्याच गावांत, चावडीवर किंवा वेशीपाशी, १९१४–१९ च्या युद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेला पांढरा दगड असतो. तुमच्या गावात तो असेल तर एकदा पुसून वाचा, आणि त्यातली कोणती घरं अजून नांदती आहेत त्याची चौकशी करा. त्यांच्या ट्रंकेत एखादा जुना कागद असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा.