मास्तरांचा तुरा

दसरा झाला की आमच्या घरात जिथं तिथं लोकरीचे तुकडे दिसू लागतात. चहाच्या कपात, जानमाजवर, मी तपासायला आणलेल्या वह्यांत. दिवाळीचा पाडवा जवळ आलेला असतो आणि गल्लीतल्या गवळीमामांच्या म्हशीचा तुरा आमच्या घरी बांधला जातो.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पाडव्याला इथले गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मालक मोटरसायकलवर पुढं, सायलेन्सर काढलेला, आणि त्या फटफटाटामागं म्हैस सुसाट पळते. मालकाच्या हाकेवर ती पळाली पाहिजे, मोठेपणा त्यातच. एरवी गोठ्यात रवंथ करणारं ते जड जनावर त्या दिवशी नवरीसारखं नटून धावतं आणि अख्खी पेठ दुतर्फा उभी राहून बघते.

हे काम आमच्याकडं अब्बांपासून आलं. अब्बा शिंपीकाम करायचे आणि दर्ग्यासाठी मोरछल बांधून द्यायचे. एका वर्षी उरलेल्या पिसांचा तुरा त्यांनी मामांच्या वडिलांना करून दिला. तेव्हापासून तो आमच्याच घरचा झाला. अब्बांचे नियम कडक. तुरा हलका हवा. प्रत्येक पिसाचं देठ आधी सुतानं वेगळं आवळायचं, मग सगळी पिसं बांबूच्या कामटीवर बांधायची, बुडाला लाल कापड शिवायचं. सैल राहिला तर पळताना डोळ्यांवर येतो, जनावर बुजतं, आणि गर्दीत बुजलेली म्हैस म्हणजे कुणाचा तरी पाय मोडलाच. कवड्या सुती दोरीतच ओवायच्या, नायलॉन मानेला काचतं. गोंड्यासाठी लोकर चार बोटांवर गुंडाळायची, मधोमध बांधायची, दोन्हीकडून कापून कात्रीनं गोल करायची.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. बी.एड.ला कार्यानुभवाच्या पाठासाठी मी हाच गोंडा निवडला होता. आजही मुलांना मराठी परकी वाटली की मी तुऱ्याची गोष्ट काढतो. तुमचा 'तुर्रा' तोच मराठीचा 'तुरा', म्हणतो. मुलं हसतात, भीती थोडी कमी होते.

२०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं. दगडफेक झाली, दुकानं फुटली, इंटरनेट बंद झालं. आमच्या गल्लीत काही झालं नाही. पण काही न होताही बरंच झालं. मामांकडचं दूध रोज येत होतं, मात्र कॅन घेऊन त्यांचा मुलगा यायचा आणि माप ओतून निघून जायचा. मामा दाराशी टेकून उसाच्या दरापासून पावसापर्यंत बोलायचे, ते बंद झालं. मीही कधी विचारलं नाही.

दसरा झाला. दरवर्षी मामा जुनी माळ आणि लोकर घेऊन येतात. आले नाहीत. त्यातच आमच्या एका नातेवाइकानं सुनावलं, "दुसऱ्यांच्या सणात तुमचं काय काम? आणि आता, इतकं झाल्यावर?" मी म्हटलं, "पूजा त्यांची ते करतात. मी फक्त म्हशीचा तुरा बांधतो. शेजाऱ्याच्या हक्कावर हदीसमध्ये किती जोर दिलाय, ते तुम्हीच मला शिकवलंत." उत्तर दिलं खरं, पण हात हलत नव्हते.

मुलगा तेव्हा नववीत होता. एका रात्री त्यानं माळ्यावरून अब्बांची पिसांची पिशवी काढली. "अब्बा, त्यांनी नाही सांगितलं तरी म्हैस तर पळणारच ना?" चार रात्री आम्ही दोघं बसलो. त्याचे गोंडे तिरके यायचे, मी उसवून परत करायला लावायचो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तुरा घेऊन गोठ्यावर गेलो. मामा शिंगांना रंग लावत होते. खुंटीवर बाजारातला तयार तुरा टांगलेला, प्लास्टिकची फुलं आणि चकचकीत जर. मी दारातच थांबलो. मामांनी ब्रश खाली ठेवला.

"मास्तर, मला वाटलं तुमाला अडचण व्हायची. तुमची लोकं काय म्हनतील."

"मला वाटलं तुमची लोकं."

दोघंही खाली बघू लागलो. पाच महिने आम्ही एकमेकांची काळजी घेत होतो आणि त्या काळजीनंच एकमेकांना दारापासून लांब ठेवलं होतं. मामींनी आतून हाक दिली, "मास्तर, च्या ठेवलाय, बसा."

दुसऱ्या दिवशी आमचा तुरा थोरल्या म्हशीवर होता. बाजारातला तुरा रेडकाला बांधला होता. म्हैस समोरून धडधडत गेली तेव्हा माझं लक्ष फक्त गाठींवर होतं. एकही सुटली नाही.

पळवून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "तुरा कुठनं आणला?" मामा म्हणाले, "आमच्या मास्तरांनी केलाय."

घरी येताना मी गप्प होतो. मामांनी माझं नाव का घेतलं नाही? गर्दीत ते नाव टाळलं का? की गल्लीत मला सगळे मास्तरच म्हणतात, म्हणून? आजही मला नक्की कळलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. मुलाला मात्र हा प्रश्नच पडला नव्हता. तो घरात शिरताच अम्मीला सांगू लागला, "मामा सगळ्यांसमोर म्हणाले, *आमच्या* मास्तरांनी केलाय!"

मी 'मास्तर' ऐकलं होतं, त्यानं 'आमच्या' ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मामा लोकर घेऊन आले. दाराशी टेकले नाहीत, आत येऊन बसले.