इंग्रजीच्या तासाला येताना

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिराने, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. उन्हाचा ताप ओसरल्यावाचून येथे मुलांना वर्गात बसविता येत नाही, म्हणून हा शिरस्ता पडला आहे. पहिला पाऊस येऊन गेलेला असतो, तरी वर्गाच्या भिंतींतून उन्हाळ्याची धग अजून बाहेर येत असते. अशा दिवशी नववीच्या वर्गात इंग्रजीच्या पहिल्या तासाला उभा राहिलो की, पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वी, या वर्षभरात मी विद्यार्थ्यांकडून काय मागणार आहे आणि त्या मागणीच्या मोबदल्यात त्यांना माझ्याकडून काय मिळणार आहे, हे स्वच्छ व सावकाश सांगणे मी माझे पहिले कर्तव्य समजत आलो आहे. हे सांगणे मी मराठीतून करतो. इंग्रजीच्या शिक्षकाने इंग्रजीतच बोलावे असा काहींचा आग्रह असतो व पुढील तासांना तो मी शक्य तितका पाळतोही. परंतु ज्या अटी आपणांस लागू व्हावयाच्या त्या प्रत्येकास नीट उमगलेल्या असाव्यात, हा साधा न्याय आहे, आणि तो न्याय भाषेच्या आग्रहापेक्षा मला मोठा वाटतो.

वर्ग नागपुरातील, मराठी माध्यमाचा. कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कोणाच्या घरी नागपुरी वळणाची हिंदी, एखाद्याच्या आजीच्या तोंडी गोंडी असते. इंग्रजी बहुधा कोणाच्याच घरची नसते. ती या चार भिंतींच्या आत, दिवसाकाठी एका तासापुरती भेटते. म्हणूनच त्या तासाला विद्यार्थी काय घेऊन येतो, या प्रश्नाला येथे जेवढे महत्त्व आहे तेवढे, जेथे भाषा घरीदारी ऐकू येते तेथे कदाचित नसेल.

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी निराळे होते. नागपुरात इंग्रजीचे शिक्षण आले ते भोसल्यांचे राज्य अद्याप नांदत असताना. स्कॉटलंडातील मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले, त्यांनी शाळा उभारली, आणि त्यांच्या पश्चात १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. १८५४ साली राज्य खालसा झाले, पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी झाली, आणि कचेऱ्यांची संख्या जसजशी वाढली तसतशी इंग्रजी लिहू शकणाऱ्या माणसांची गरजही वाढली. त्या काळच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा होती ती सुवाच्य अक्षराची, बिनचूक नकलेची आणि ठरीव मायन्याच्या अर्जाची. साहेबाच्या मसुद्याची स्वच्छ प्रत ज्यास काढता येई त्याची उपजीविका चालत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्या पिढ्यांच्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु कचेरीने घालून दिलेले ते वळण कचेरीची गरज पालटल्यानंतरही वर्गात टिकून राहिले. चांगला विद्यार्थी म्हणजे ज्याच्या वहीत खाडाखोड नाही तो, ही समजूत आजही पालकांत आहे, विद्यार्थ्यांत आहे, आणि पुष्कळदा शिक्षकांतही आहे.

माझी पहिली मागणी याच्या नेमकी उलट असते. प्रत्येकाने रोज निदान एक वाक्य असे आणावे की जे त्याने स्वतः रचले आहे. ते चुकलेले असले तरी चालेल, दुसऱ्याचे असलेले चालणार नाही. वहीचे डावे पान कोरे सोडावयाचे व उजव्या पानावर लिहावयाचे. मी वही तपासतो तेव्हा चूक दुरुस्त करून देत नाही. चुकीखाली रेघ ओढतो आणि समासात एक अक्षर लिहितो: चूक क्रियापदाची आहे, उपपदाची आहे, शब्दयोगी अव्ययाची आहे की अक्षरलेखनाची, एवढेच त्यावरून कळावे. मराठीत उपपदे नाहीत, आणि आपले अव्यय नामाच्या मागून येते तर इंग्रजीचे नामाच्या आधी, म्हणून या दोन ठिकाणी आपली मुले हमखास अडखळतात. त्याबद्दल त्यांस दोष देण्याचे कारण नाही. दोष लागतो तो तपासलेली वही पुन्हा न उघडण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर संपूर्ण वाक्य नव्याने लिहून आणणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे, आणि या एका बाबतीत मी कोणतीही सबब ऐकून घेत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. महाल आणि इतवारीच्या रस्त्यांवर त्या दिवशी पाय ठेवावयास जागा नसते. त्यानंतरच्या तासाला, आपण त्या दिवशी कोठे उभे होतो आणि तेथून काय दिसले, यावर पाच-सहा वाक्ये लिहावयास मी सांगतो. एका वर्षी गोळीबार चौकाच्या बाजूने येणाऱ्या, विणकराच्या घरातील एका मुलीने मारबतीऐवजी आपल्या आजोबांवर लिहिले. 'माय ग्रँडफादर इज नॉट गो टु सी मारबत. ही सिट निअर हातमाग. हातमाग इज स्टॉप.' हातमाग हा शब्द तिने रोमन अक्षरांत तसाच ठेवला होता. तिन्ही वाक्यांत चूक क्रियापदाची होती, म्हणून तीन रेघा ओढल्या आणि समासात एकच अक्षर तीनदा लिहिले.

ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, 'डज नॉट गो' लिहू की 'डिड नॉट गो'?" मी म्हटले, "ते मला कसे ठाऊक असणार? आजोबा मारबत पाहायला कधीच जात नाहीत, की याच वर्षी गेले नाहीत?" तिलाही ते ठाऊक नव्हते. तिने घरी विचारले. आजोबा दरवर्षी जात असत. यंदा माग बंद झाला आणि ते बाहेर पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर वाक्य आले: 'ही डिड नॉट गो धिस इयर.' शब्दकोशातून 'हँडलूम' हा शब्द शोधलेला होता, आणि शेवटचे वाक्य 'द हँडलूम हॅज स्टॉप्ड' असे झाले होते. काळाचा अचूक वापर म्हणजे काय, हे त्या मुलीला व्याकरणाच्या तक्त्यावरून कळले असते असे मला वाटत नाही; आजोबांविषयी खरे काय ते लिहावयाचे असल्यामुळे तिला ते शोधणे भाग पडले. व्याकरणाची शुद्धता ही अखेर वस्तुस्थितीशी असलेल्या प्रामाणिकपणाची बाब आहे, ही माझी श्रद्धा अशा वह्यांनी घडविली आहे.

बोलण्याची गोष्ट अधिक अवघड. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांची तासिका असेल, तर शिक्षकाने एक शब्दही न उच्चारता सगळा वेळ वाटून दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही येत नाहीत. याचा अर्थ असा की, इंग्रजीच्या तासात विद्यार्थी जे काम सर्वाधिक करतो ते ऐकण्याचे, आणि आपल्या सोबत्याचे अडखळते इंग्रजी मन लावून ऐकणे हे त्याचे कर्तव्य ठरते. रामटेककडून रोज बसने येणारा मुलगा उभा राहून वाक्य जुळवीत असताना मागल्या बाकावर हशा पिकला, तर त्या हशाने त्या एका मुलाचेच नुकसान होते असे नाही. पुढे ज्यांची पाळी येणार ते पंधरा-वीस जण त्याच क्षणी मनातून बसून घेतात, आणि मग वर्षभर तेच चौघे-पाच जण हात वर करीत राहतात. म्हणून दुसऱ्याच्या चुकीवर हसण्यास माझ्या वर्गात सक्त मनाई आहे. उशिरा येणाऱ्यास मी मुभा देतो, पुस्तक विसरणाऱ्यास देतो, क्वचित गृहपाठ राहिलेल्यासही देतो. या अपराधास देत नाही. ऐकणाऱ्याने ऐकले की नाही हे पाहण्यासाठी पुढच्याने आपले वाक्य सांगण्याआधी मागच्याचे वाक्य आपल्या शब्दांत सांगावे, असा नियम मी ठेवला आहे. त्याने तास संथ होतो. तो संथपणा मला मान्य आहे.

गाईडातील तयार उत्तरे पूर्वीही होती; आता खिशातील मोबाइल मराठी वाक्याचे इंग्रजी क्षणात करून देतो आणि मागितला तर निबंधही लिहून देतो. त्याविरुद्ध फर्मान काढून काही साधत नाही. मी विद्यार्थ्यांस एवढेच सांगतो की, जे वाक्य तुम्ही वर्गात उभे राहून, वही मिटून, समजावून सांगू शकता ते तुमचे. मग त्यासाठी तुम्ही शब्दकोश पाहिला असो की यंत्र. जे सांगू शकत नाही ते तुमच्या नावावर खपवू नका. ही कसोटी मुलांना पटते, कारण ती कोणासही लावता येते, शिक्षकालासुद्धा.

या शहरात दीक्षाभूमी आहे, आणि माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर असते. तसबिरीतील त्या पुरुषाने इंग्रजी कशी मिळविली हे मी दरवर्षी सांगतो. परळच्या चाळीतील एकुलत्या खोलीत रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः जागे राहत, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः पाठ टेकीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली होती. आणि भाषांतराचा पाठ म्हणजे मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य आपल्या बुद्धीने उभे करण्याचा रोजचा सराव, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तोच मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, आणि १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या अधिवेशनासाठी त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी भाषणातील मजकुरात बदल मागितले तेव्हा ते करण्यास त्यांनी नकार दिला. अधिवेशन रद्द झाले, आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. आपण लिहिलेल्या वाक्याची जबाबदारी घेणे याहून निराळे ते काय असते? हे सांगतो तेव्हा वर्ग शांत असतो, आणि नियमांविषयी पुन्हा बोलावे लागत नाही.

इंग्रजी विषयाला दहावीला शंभर गुण असतात. त्यांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे, वीस तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि पस्तीस मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण. या पस्तिसांची चिंता घराघरांत आहे व ती मी क्षुद्र मानीत नाही. नापास झालेल्या मुलाचे पुढील शिक्षण तेथेच थांबण्याचा संभव असतो. तथापि ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील इंग्रजी शिक्षणाविषयी जे पुस्तक लिहिले, त्यातील एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले तर जी रक्कम परत हाती येते, तशी, शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलाच्या हाती या विषयाची किती किंमत उरते? वेस्ट यांचे उत्तर असे होते की, त्याला निदान वाचता आले पाहिजे. माझ्या वर्गातील कित्येक मुले दहावीनंतर आयटीआयला जातात, कोणी कळमन्याच्या बाजारात बापाच्या हाताखाली उभा राहतो, कोणी मिहानमध्ये काम शोधतो. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, यंत्राची माहितीपुस्तिका, नोकरीच्या करारातील अटी, बँकेचा कागद, हे दुसऱ्याला न विचारता वाचून समजून घेण्याची ताकद त्यांच्या हाती उरावी, आणि त्यातील न पटणाऱ्या गोष्टीविरुद्ध चार ओळींचा अर्ज स्वतः लिहिता यावा, एवढी माझी त्यांच्याकडून अपेक्षा आहे. पाठ केलेला निबंध परीक्षेच्या दालनाबाहेर पडताच निकामी होतो. शब्दकोश उघडण्याची सवय मात्र निकामी होत नाही. म्हणून रोज पाठाबाहेरचा इंग्रजीचा एखादा छापील कागद, मग तो बिस्किटाच्या पुड्याचा असो की रेल्वेच्या तिकिटाचा, वाचून येणे हेही मी गृहपाठात धरतो.

एवढे मागणाऱ्या शिक्षकावर जे बंधन येते तेही पहिल्याच तासाला मी सांगून टाकतो. त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ मी वाचीन. वही आठवड्याच्या आत परत करीन. 'छान' किंवा 'सुधारणा हवी' एवढा शेरा मारून कोणाची बोळवण करणार नाही, आणि कोणाच्या वाक्याचा वर्गापुढे उपहास होईल असे बोलणार नाही. यांपैकी काही पाळले गेले नाही तर विद्यार्थ्यांनी ते मला उभे राहून सांगावे. इंग्रजीत सांगता आले तर उत्तम, नाहीतर मराठीत.

पालकांना मात्र एक विनंती करावयाची आहे. या जूनमध्ये दप्तर घेताना गाईडाच्या आधी एक साधा इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यावा. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात, तेव्हाही शोधता येईल. आणि महिन्याने मुलाची इंग्रजीची वही हाती घ्याल तेव्हा उजव्या पानावर तांबड्या रेघा पुष्कळ दिसल्या म्हणून त्याला रागावू नये. डावे पान कोरे दिसले, तर ते कोरे का, एवढे अवश्य विचारावे.