फळीची पालखी

उर्दू शाळेचा मास्तर लाकडाचा भुसा अंगावर घेऊन रस्त्याने निघाला की पिंपळगावात लोक थांबवून विचारतात, "सर, सुट्टीत धंदा काढला काय?" त्यांचे चुकत नाही. पिंपळगाव बसवंत हे बाजाराचे गाव. कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांच्या भावावर इथे माणसांचे चेहरे वाचता येतात. कोणी काही बनवतो म्हणजे तो ते विकणारच, असा सरळ हिशेब. आम्ही प्रत्येकाला थोडक्यात सांगत गेलो आणि प्रत्येक वेळी सांगणे अपुरे पडले, म्हणून हे लिहायला घेतले.

कारण आहे पहिलीतली एक मुलगी. नाव सांगत नाही. कायदा (उर्दू अंकलिपीला आमच्याकडे कायदाच म्हणतात) ती नाकाला लावून वाचते. चष्मा लागला, तरी दिसणे फारसे वाढले नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार मोजले आहेत, त्यांत अल्पदृष्टी हा एक. कागदावर तिची सोय तेवढी आहे. वर्गात मात्र बे, पे, ते, टे, से अशी पाच अक्षरे एका ओळीत येतात आणि पाचांची होडी एकच! बेच्या खाली एक नुक्ता, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन, सेच्या वर तीन, टेच्या डोक्यावर छोटा तोय. ज्याला नुक्ते दिसत नाहीत त्याला ही पाच अक्षरे म्हणजे एकच अक्षर. ती मुलगी बाकीच्यांच्या आवाजात आवाज मिसळून सगळा धडा म्हणायची. पाठांतर उत्तम. बोट ठेवून विचारले की गप्प.

बी.एड.ला मॉन्टेसरीबाईंची खरबरीत अक्षरे आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. 1939 साली बाई भारतात आल्या, त्यांनी इथे शिक्षक तयार केले, हेही उत्तरपत्रिकेत लिहिले होते. आता त्याच उत्तराची गरज लागली. पण खरकागदाच्या अक्षरावरून लहान बोट घसरते, बाहेर जाते. लाकडात कोरलेली खाच असली तर बोट तिच्यात बसते आणि खाचच त्याला पुढे नेते. उर्दूत उजवीकडून डावीकडे नेते, हे त्यात आपोआप आले. म्हणून ठरवले की दर अक्षराची एक छोटी फळी करायची, सहा इंच लांब, साडेतीन इंच रुंद, पोराच्या मांडीवर मावेल अशी.

लाकूड कुठून आणायचे हा प्रश्न आमच्या गावात पडत नाही. द्राक्षे परदेशी जातात ती पेट्यांतून, आणि पेट्या रचतात त्या लाकडी पॅलेटवर. मोडलेली पॅलेट भंगारात किंवा चुलीत जातात. त्यांवर डागलेला शिक्का बघून घ्यावा. 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर निदान 30 मिनिटे तापवलेले असते, कीड मारण्यासाठी. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. मुले हात लावणार, एखादे तोंडातही घालणार. म्हणून आम्ही एचटीचेच पाइन घेतले. पट्ट्या चारेक इंच रुंद मिळाल्या. खिळे उपटून, चुंबक फिरवून, रंधून 16 मिलिमीटर जाडीच्या केल्या.

आता यंत्राचे. आमचा एक चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याने वापरून झालेले 'कार्व्हराइट' नावाचे कोरीवकामाचे यंत्र सामानाबरोबर आमच्याकडे धाडले. 2006 च्या सुमारास टेक्सासमधल्या एका कंपनीने घरगुती वापरासाठी हे बाजारात आणले. ते तिकडच्या 110 व्होल्टवर चालते, आपल्याकडे 230. तेव्हा मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. दिसायला मोठ्या पेटीसारखे. खाली खरबरीत पट्टे, वर रबराचे रूळ. फळी या दोघांत दाबली जाते आणि पुढे-मागे सरकते. कोरणारे पाते फक्त आडवे आणि वर-खाली फिरते. आपल्या शिवणयंत्रात सुई जागच्या जागी आणि कापड सरकते, काहीसे तसेच. साडेचौदा इंचांपर्यंत रुंद फळी त्यात जाते.

मोठ्या फळीला हे यंत्र झकास. आमच्यासारख्या लहान फळीला मात्र ते धरूच शकत नाही. फळीचे टोक रुळाखालून निसटले की पकड गेली आणि पाते भलतीकडे. म्हणून कोरायच्या भागाच्या दोन्ही टोकांना साडेतीन इंच जादा लाकूड ठेवावे, असा नियम आहे. म्हणजे सहा इंचांच्या फळीसाठी तेरा इंच लाकूड आणि निम्म्याहून जास्त वाया. शिवाय साडेतीन इंच रुंदीची पट्टी रुळाखाली तिरकी होण्याची भीती. उपाय जगभर एकच करतात. लहान फळीला मोठ्या चौकटीत बसवायचे आणि चौकटच यंत्रात घालायची. इंग्रजीत तिला जिग म्हणतात. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना आम्ही कागदावर काढून दाखवली, तर ते म्हणाले, "ही तर पालखी झाली, सर. चालणारे वेगळे, बसणारा वेगळा." घरात तिला डोली म्हणतात. नाव कोणतेही घ्या, मापे सांगतो.

दोन लांब दांड्या, प्रत्येकी 22 इंच लांब आणि अडीच इंच रुंद. दोन ठोकळे, आठ इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद. ठोकळे दांड्यांच्या मध्ये, दोन टोकांना. मध्ये उरली सहा बाय साडेतीनची खिडकी, ती आमच्या फळीची जागा. सगळे मिळून यंत्राला साडेआठ बाय 22 इंचांची एक फळी मिळते. कोरण्याआधी ते फळी मागेपुढे ओढून मोजून घेते, आणि मोजताना त्याला आतली लहान फळी वेगळी जाणवत नाही. नक्षीची फाइल मात्र याच मोठ्या मापाची करायची आणि अक्षर तिच्या बरोबर मध्यावर ठेवायचे.

फळी खिडकीत घट्ट धरायची कशी, इथे खरे डोके लागले. वरून पट्टी मारावी तर रूळ अडतो. खालून खिळा मारावा तर पात्याचा जीव जातो. तेव्हा बाजूनेच आवळायचे. एक दांडी दोन्ही ठोकळ्यांना सरसाने कायमची जोडली, दुसरी सुटी ठेवली, आणि ठोकळ्यांच्या पोटातून 6 मिलिमीटरच्या, आटे पाडलेल्या दोन सळया आरपार नेल्या. नट आवळले की सुटी दांडी आत येते आणि फळी चिमटीत सापडते. पण 16 मिलिमीटर जाडीतून इतके लांब भोक सरळ पाडणार कोण? सुतारकाकांनी ते पाडलेच नाही. प्रत्येक तुकडा 8 मिलिमीटरच्या प्लायच्या दोन थरांचा केला, दोन्ही थरांत आतून 3 मिलिमीटर खोल खाच घेतली आणि थर चिकटवले. भोक आपोआप तयार! सळया अक्षरापासून चार इंच लांब असल्याने पात्याला लागत नाहीत. नट दांडीच्या कडेत बुडवले, बाहेर काही डोकावत नाही.

"कडा समांतर पाहिजेत सर, बाकी यात काही नाही," असे काका तीनदा म्हणाले. दोन्ही दांड्या करवतीची मांडणी न हलवता एकापाठोपाठ कापल्या. गुण्या लावून चारही कोपरे पाहिले, आणि फळीचा माथा चौकटीच्या माथ्याशी एका पातळीत आहे ना ते नखाने चाचपले. कमी भरला तर खाली पोस्टकार्डाचा तुकडा.

काम चालू असताना काकांच्या तोंडचे शब्द आम्ही ऐकत होतो. रंधा, गुण्या, शिकंजा, सगळे फारसीतून आलेले. आमच्या वर्गात भिंतीवर लटकतो तो तक्ता, उत्तरेकडच्या मुलांची लिहायची तख्ती, बादशहाचे तख्त आणि जुन्या वाड्यातली तक्तपोशी, एकाच घराण्यातले. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आमच्या महामार्गावरच आहे. तिथले लाकडी कोरीव खांब मुलांना दाखवताना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते. काकांना सांगितले तर म्हणाले, "असंल. पण धार आपल्यालाच लावावी लागते."

अक्षरे आम्ही संगणकातून उचलली नाहीत. नस्तालीकचे सौंदर्य कलमाच्या जाड-बारीक फटक्यात असते, आणि बोटाला हवी एकसारखी वाट. तेव्हा आलेखाच्या कागदावर एकेरी रेघेने हाताने काढली आणि तीच यंत्राला दिली. गोल तोंडाचे पाते, खोली 3 मिलिमीटर. नुक्ते थोडे जास्त खोल.

फळी उलटून पालखीत बसवली की ती पुन्हा त्याच जागी येते, हे लक्षात आल्यावर मागची बाजू कोरी ठेववेना. मुलांना मराठीही शिकायचीच आहे. म्हणून बेच्या मागे ब, पेच्या मागे प. इथपर्यंत सोपे होते. मग से, सीन आणि स्वाद या तिघांच्या मागे एकच स आला. ते आणि तोय, दोघांच्या मागे त. ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय या चौघांना आम्ही 'जरा' मधला ज दिला. मराठीला तो उच्चार आहे, वेगळे अक्षर मात्र नाही. ऐनच्या मागे काय लिहावे ते दोन दिवस सुचले नाही, ती बाजू कोरी आहे. ळ आणि ण यांना उर्दूकडून जोडीदार मिळाला नाही, त्यांच्या स्वतंत्र फळ्या झाल्या, पाठ कोरी. शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारले, "कोऱ्या बाजूला फूल कोरा ना, बरे दिसेल." आम्ही नाही म्हटले. ज्या अक्षराला दुसऱ्या बाजूला जोडी नाही, ते मुलांच्या बोटाला कळू दे.

पहिल्यांदा पाच होड्या त्या मुलीपुढे ठेवल्या तेव्हा ती फळी नाकापाशी नेऊ लागली. "आँख से नहीं, उँगली से," आम्ही म्हटले. तिने उजव्या टोकापासून बोट फिरवले, खाली एक खड्डा लागला. "बे." दुसरी घेतली, खाली चाचपले, मग वर. दोन खड्डे. "ते." सेच्या वेळी तिने खड्डे तीनदा मोजले. मग आपणहून फळी उलटली आणि म्हणाली, "सर, पीछे मराठीवाला स है." बाकीची अठरा मुले आता डोळे मिटून तोच खेळ मागतात. मधल्या सुट्टीत फळ्यांवरून भांडणे होतात, ती सोडवायचे काम वाढले.

अजून निम्मेच झाले आहे. उर्दू अक्षर शब्दात शिरले की रूप बदलते. बेची होडी जाते, एक दात आणि नुक्ता उरतो. सुरुवातीचे, मधले, शेवटचे, अशी रूपे कोरायची तर फळ्या तिप्पट लागतील. सुतारकाकांनी 34 इंचांची पालखी मापून ठेवली आहे, एका वेळी तीन फळ्या बसतील अशी. प्लाय आला आहे. द्राक्षांचा हंगाम सरला की मोडकी पॅलेट स्वस्तात मिळतील, तोवर आम्ही आलेखाच्या कागदावर जीमचे पोट काढत बसलो आहोत.