वारा आला की कळवतो

‘थांबा’ हा शब्द मी दिवसातून किमान शंभर वेळा उच्चारतो. त्याबद्दल बँक मला पगार देते. मशीन बंद आहे, थांबा. साहेब जेवायला गेलेत, थांबा. बावीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्यांना थांबवत आलो आहे. तेव्हा थांबण्याच्या शास्त्रात मला कोणी काही शिकवील, अशी माझी समजूत नव्हती. पण गेल्या जून महिन्यात माझ्या मेव्हण्याने मला शिकवलं, आणि तेही अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावरून!

मेव्हणा म्हणजे हिचा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, गुडघे दाखवून आणतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. दादांनी पोर्तुगालात एक जुनी, अठ्ठावीस फुटी शिडाची होडी विकत घेतली. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होतं. “अख्खी पृथ्वी नको रे बाबा,” सासूबाई म्हणाल्या. तडजोड बेटांवर झाली. आधी अझोर्स, मग मादेरा, मग कॅनरी. पाय मोकळे करून येतो म्हणावं, तसे दादा निघाले.

पोर्तुगालपासून अझोर्सपर्यंत ते सुखरूप पोचले. ही नऊ बेटं. त्यांतल्या फायाल बेटावर ओर्टा नावाचं गाव आहे आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या निम्म्या होड्या तिथे टेकतात म्हणे. आपल्याकडे घाटाच्या माथ्यावर गाड्या वड्यासाठी थांबतात, तसंच. तिथे १९१८ सालचं ‘पीटर कॅफे स्पोर्ट’ नावाचं हॉटेल आहे, तिथे सगळे खलाशी जमतात. बंदराचा धक्का त्यांनी रंगवलेल्या चित्रांनी भरून गेला आहे. चित्र न काढता निघालं तर प्रवासात काहीतरी विघ्न येतं, अशी समजूत. समोर खाडीपलीकडे पिको बेटाचा २३५१ मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या टोकावर ढगाची टोपी चढली की लोक हवेचा अंदाज बांधतात.

दादांचा रोज फोन यायचा. आमचे संध्याकाळचे सात, म्हणजे तिथे दुपारचा दीड.

“कधी निघताय?” ही विचारायची.

“वारा आला की कळवतो.”

पहिले चार दिवस आम्ही कौतुकाने ऐकलं. पाचव्या दिवशी मी मोबाइलवर ओर्टाची हवा पाहिली. लख्ख ऊन, आकाश निळं, वारा नाही. याहून चांगली हवा ती कोणती? लग्नाचा मांडव घालावा अशी!

“जावईबापू, तोच तर घोटाळा आहे,” दादा म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं. हवामानाच्या नकाशावर या बेटांच्या नावाचा एक उच्चदाब आहे, अझोर्सचा. तो डोक्यावर येऊन बसला की ऊन छान पडतं, पण वारा पडतो आणि शीड दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतं. तो बाजूला झाला की पश्चिमेकडून कमी दाब घुसतात आणि मग वारा नको तेवढा येतो. दादांना हवा होता मधला प्रकार. उच्चदाबाने पश्चिमेला सरकून बसावं, म्हणजे त्याच्या पूर्वेच्या कडेने उत्तरेचा वारा खाली येतो आणि आग्नेयेला मादेराकडे जाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. अंतर पावणेसातशे सागरी मैलांच्या आसपास. ताशी पाच मैलांनी साडेपाच-सहा दिवस. आणि भरवसा ठेवावा असा अंदाज मिळतो तीन-चार दिवसांचा. “म्हणजे उरलेले दिवस?” मी विचारलं. “उधारीवर,” दादा म्हणाले. हे मात्र मला लगेच समजलं.

आठव्या दिवसापर्यंत मी या विषयात इतका शिरलो, की लायब्ररीतून पुस्तकं आणली. धीर आला. १४९२ साली कोलंबसाची ‘पिंटा’ कॅनरी बेटांत सुकाणू दुरुस्त करत बसली. सहा सप्टेंबरला तो गोमेरा बेटावरून एकदाचा निघाला, तर वारा पडून दोन दिवस तिथल्या तिथेच! परतताना फेब्रुवारी १४९३ मध्ये वादळात नवस बोलला, अझोर्समधल्या सांता मारियावर त्याची निम्मी माणसं नवस फेडायला देवळात गेली, तर पोर्तुगीजांनी त्यांना धरून ठेवलं. नवस फेडल्याबद्दल अटक झाल्याचं माझ्या तरी दुसरं ऐकिवात नाही.

आणि जगाला एकट्याने पहिली प्रदक्षिणा घालणारा जोशुआ स्लोकम! जुलै १८९५ मध्ये तो याच ओर्टाला चार दिवस राहिला. निघताना मिळालेली प्लम नावाची फळं आणि पांढरं चीज त्याने मनसोक्त खाल्लं, पोटात मुरडा येऊन केबिनच्या फरशीवर तो गडबडा लोळला, बाहेर वादळ, आणि ग्लानीत त्याला ‘पिंटा’चा नावाडी सुकाणू धरून उभा दिसला. ही हकीकत मी सासूबाईंना सांगितली. त्यांनी त्यातली फक्त फळं लक्षात ठेवली. पुढच्या फोनवर त्यांचं पहिलं वाक्य, “प्लम खाऊ नकोस.”

अकराव्या दिवशी मात्र माझी जीभ घसरली. दादांच्या व्हिसाचे नव्वद दिवस भरत चालले होते. शेजारच्या दोन होड्या सकाळीच सुटल्या होत्या. आणि मला विनोद सुचला. विनोद सुचणं हा माझा जुना आजार आहे.

“काय दादा, खात्यात बॅलन्स आहे ना? मग चेक का वटत नाही? नसेल जमत तर विमानाने या!”

दादा हसले. पण नेहमीपेक्षा थोडं कमी हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन शब्दांचा निरोप आला, “निघतोय आत्ताच.”

किनारा सुटला की फोन लागत नाही. हिने देवापाशी समई लावली. मी मोबाइलवरचा नकाशा उघडला. दोन दिवसांपूर्वी पश्चिमेला वाटाण्याएवढा दिसणारा कमी दाब आता पुरीसारखा फुगला होता. मी नकाशा बंद केला. परत उघडला. तो तसाच होता. रात्रभर पंख्याकडे पाहत पडलो. एवढ्या मोठ्या महासागरात अठ्ठावीस फूट म्हणजे किती, याचा हिशेब करत होतो. आमच्या दोन खोल्या आणि गॅलरी मिळून तेवढंच भरतं. आणि त्यात एकटा माणूस, साठी ओलांडलेला, माझ्या विनोदावर निघालेला.

बँकेत दुसऱ्या दिवशी मी एका गृहस्थांचं पासबुक दोनदा छापलं. तेही एकाच ओळीवर.

संध्याकाळी फोन वाजला. “परत आलो. चाळीस मैलांवर वारा फिरला, थेट तोंडावर आला. शीड उसवलंय. मी बरा आहे.”

ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मी फोन घेतला. “दादा, परवा मी ते चेकचं बोललो...”

“तुमच्या बोलण्यावर नाही निघालो हो. ते दोघे गेले, आपण अजून इथेच, याची लाज वाटली. तीस वर्षं समुद्रावर काढून माणसानं लाजेसाठी होडी सोडावी?” थोडं थांबून म्हणाले, “निघताना काही वाटलं नाही जावईबापू. परत फिरवताना हात थरथरत होते.”

रात्री मी हिला माझा विनोद कबूल केला. ती शांतपणे म्हणाली, “माहीत आहे. फोन स्पीकरवर होता.” सकाळचा चहा मला गार मिळाला. तक्रार केली नाही.

त्यानंतर कधी निघणार हे कुणीच विचारलं नाही. दादा शीड शिवायचे, धक्क्यावर रंगकाम करायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, “तुमच्या काउंटरवर काय पाटी आहे हो?” मी सांगितली. दुसऱ्या दिवशी फोटो आला. नाना देशांच्या देवमाशांच्या, झेंड्यांच्या आणि जलपऱ्यांच्या गर्दीत ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं : ‘कृपया रांगेत थांबावे’.

एकोणिसाव्या दिवशी उच्चदाब आपण होऊन पश्चिमेला सरकला. दादा निघाले. समई पुन्हा लागली, सहा दिवस तेवत राहिली, आणि सहाव्या रात्री मादेराहून फोन आला. सासूबाईंनी आधी प्लमची चौकशी केली. मग विचारलं, “आता पुढे कधी?”

“कॅनरीला ना? बघू. वारा आला की कळवतो.”

“सावकाश कळव,” सासूबाई म्हणाल्या. “घाई नाही.”