नंतर सांगते

माझ्या धाकट्या बहिणीला मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा सांगितलेले वाक्य म्हणजे, "नंतर सांगते." जेवताना सगळे हसले, की ती माझ्या हाताला स्पर्श करून भुवया उंचावी. रविवारी देवळात फादरांचे प्रवचन रंगले, की पुन्हा तेच. मी खुणेने म्हणे, नंतर. ते 'नंतर' बहुधा कधी येतच नसे.

चौथ्या वर्षी आलेल्या तापात तिची श्रवणशक्ती गेली. आईने नोव्हेना केल्या, नवस बोलले. पुढे वसईहून लोकलने वांद्र्याला जाऊन, १९८३ साली तेथे स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तिची श्रवणचाचणी झाली. कानाला यंत्र मिळाले. आता सारे सुरळीत होईल, असे आम्हांला वाटले. यंत्र आवाज मोठा करते, पण शब्द स्पष्ट करीलच असे नाही, हे फार उशिरा उमगले. देवळातला घुमणारा ध्वनिक्षेपक, पंख्यांची घरघर, गायनमंडळ, सारेच तिच्या कानात एकदम आदळे. मग ती हळूच यंत्र बंद करी आणि इतरांकडे पाहून उभी राही, गुडघे टेकी. लोक तिच्या भक्तीचे कौतुक करीत.

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात तिने माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. "जाळीपलीकडे फादरांचे ओठ दिसत नाहीत. ते काय सांगतात, कळत नाही. मी दर वेळी अंदाजाने तीन नमो मारिया म्हणते. माझ्या पापांची क्षमा झाली असेल का?"

ती चिठ्ठी वाचून मी सुन्न झाले. इतकी वर्षे एकाच बाकावर बसूनही ती देवळात किती एकटी होती!

आम्ही धर्मगुरूंना भेटलो. त्यांनी सांगितले, की दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९९० वे कलम अनुमती देते. दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. मी उत्साहाने तयार झाले. बहिणीने मात्र मान हलवली. आपली पापे सख्ख्या बहिणीलाही कळू नयेत, हा हक्क तिलाही हवा होता. तेव्हा फादर तिच्यासमोर उजेडात बसले, सावकाश बोलले, जरूर तेथे कागदावर लिहिले आणि शेवटी तो कागद तिच्याच हाती दिला. प्रायश्चित्त काय मिळाले, हे तिने मला सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली ती बिशप लिओ मेउरिन यांनी. देशातील अशी ती पहिली शाळा मानली जाते. २०२४ साली केरळात त्रिशूर येथे जोसेफ तेर्मडम हे कर्णबधिर तरुण धर्मगुरू झाले. ते सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. वाट दाखवणारे आहेत. चालायचे आपल्याला आहे. प्रवचनाचा सारांश लिहून आधी हाती देणे, वेदीवर वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड असणे, पुढचा बाक राखून ठेवणे, पापनिवेदनासाठी एक शांत खोली देणे, यांस कितीसा खर्च येणार? आणि ही गरज केवळ जन्मतः बहिऱ्यांची नाही. वयोमानाने ऐकू येईनासे झालेले आजी-आजोबा घराघरांत आहेत. तेही न ऐकताच 'आमेन' म्हणत असतील.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला बरे करतो. 'एफ्फाथा' हा शब्द त्या माणसाच्या कानांसाठी होता, असे मी समजत असे. आता त्याआधीची कृती मला अधिक भिडते. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला घेतले, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला. ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला. त्याने त्याला 'नंतर' म्हटले नाही.

या वयात मी सांकेतिक भाषा शिकू लागले आहे. बोटे अडखळतात, चुकीच्या खुणा होतात, बहीण हसते आणि माझे हात धरून त्या सुधारते. रविवारी प्रवचन चालू असताना मी तिला जमेल तेवढे सांगते. अर्धेच पोहोचते, पण तेव्हाच पोहोचते.