मंचावरचा पंखा



शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या गावोगावच्या विहारांतून श्रामणेर शिबिरांची तयारी सुरू होते. मुलांचे मुंडण होते, अंगावर चीवर येते, दहा शील घेतले जातात आणि दहा दिवस घर सोडून मुले भन्तेजींच्या सहवासात राहतात. हे सर्व मंगल आहे. परंतु आपली शिबिरे मे महिन्यात भरतात आणि विदर्भाचा मे महिना कसा असतो हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. पारा 45 च्या घरात जातो. रात्री दहा वाजले तरी ताडपत्री गरम लागते. अशा तंबूत लहान मुलांना झोपवायचे म्हणजे मोठी जबाबदारी असते. ही जबाबदारी आम्ही एकदा नीट पार पाडली नाही. ती हकीकत इथे सांगतो आहोत. इतरांनी ती चूक करू नये, एवढाच हेतू.

2019 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर 9 ते 18 मे असे दहा दिवसांचे शिबिर होते. शेवटच्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. श्रामणेर 31. विहार लहान, म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेत सहा तंबू आणि एक मंडप घातला. विहारात विजेचे मीटर होते, पण तिथून मैदानापर्यंत वायर न्यायची तर मध्ये एकाचे शेत. आमच्या शेतावरून तुमची वायर जाणार नाही, असे त्या गृहस्थांनी सांगितले. कारण विचारले नाही, ते आपल्याला पाठ आहे. तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज केला होता, तो शिबिर संपेपर्यंत टेबलावरच राहिला.

शिबिराच्या खजिन्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही बी.कॉम., नोकरी कारकुनाची. हिशेब हा आमचा रोजचा धंदा. आम्ही घरची इन्व्हर्टरची बॅटरी काढली, तीनचाकी टेम्पोत घातली आणि शिबिरात नेऊन ठेवली. त्यावर तीन टेबलफॅन, लाऊडस्पीकर, दोन ट्यूबलाइट लावल्या. शिवाय दहा-बारा जणांचे मोबाइल चार्जिंगला. पंखे फिरू लागले तसे लोकांनी आमचे कौतुक केले आणि आम्हालाही ते गोड वाटले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. बाहेरगावचे वक्ते आले होते. तीनही पंखे मंचाकडे तोंड करून ठेवलेले. भाषणे लांबली. दहाच्या सुमारास पंखे मंदावले, दिवे पिवळे पडले आणि माइक बंद झाला. लोक उठून गेले. आम्ही बॅटरीजवळ बसून वायरी चाचपत होतो. तेवढ्यात कडेच्या तंबूतून एका मुलाच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

मूल नऊ वर्षांचे. दुपारपासून त्याचे डोके दुखत होते, पण बिचारे बोलले नव्हते. अंग तव्यासारखे तापलेले. त्याची आजी शिबिरात स्वयंपाकाला आलेली. नातवाचे डोके मांडीवर घेऊन ती पुठ्ठ्याने वारा घालत होती. आम्ही आत डोकावलो तेव्हा तिने मान वर न करताच म्हटले, "भाऊ, तुमचा पंखा थ्या माइकले हवा देऊन रायला होता. माह्या नातवाले कोन देईन?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाचे चीवर सैल केले, मान, काखा, पोट ओल्या फडक्याने पुसत राहिलो आणि एका उपासकाच्या गाडीवरून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. सलाइन लागले. तिसऱ्या दिवशी मूल हसत परत आले. पण ती रात्र आमच्या मनातून गेली नाही.

त्या पहाटे शिबिराच्या वहीत मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. बॅटरी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची. दोहोंचा गुणाकार 1800 वॅट-तास. हा झाला कागदावरचा जमा. पण बॅटरी पाच वर्षे वापरलेली, तिच्यात निम्मीच ताकद उरलेली. म्हणजे प्रत्यक्ष जमा 900. आता खर्च पाहा. घरगुती टेबलफॅन सुमारे 50 वॅट खातो, तीन पंखे म्हणजे 150. लाऊडस्पीकर, ट्यूब आणि मोबाइल धरून एकूण 250 वॅट. त्यात बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करताना इन्व्हर्टर स्वतःचा वाटा कापून घेतो. म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन तास. बॅटरीने आम्हाला फसवले नव्हते. आम्हीच वही न उघडता खर्च केला होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो सारा वारा मंचाच्या खाती पडला होता. कडेच्या तंबूच्या खाती शून्य.

सकाळी दुसराच वाद निघाला. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, श्रामणेरांना पंखे हवेतच कशाला? उच्चासन आणि महाशयन वर्ज्य करणारे शील घेतले, मग हा ऐषाराम शीलात बसतो काय? भन्तेजींनी शांतपणे उत्तर दिले. विनयपिटकात भगवंतांनी भिक्खूंना पंख्याची अनुमती दिलेली आहे. सालीचा, वाळ्याचा आणि मोरपिसांचा असे तीन प्रकारचे पंखे चालतात. चवरीला मात्र मनाई आहे. मग त्यांनी अतिसाराने आजारी पडलेल्या त्या भिक्खूची गोष्ट सांगितली. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते, तेव्हा खुद्द भगवंतांनी आनंदासह त्याला अंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असे संघाला बजावले. भन्तेजी एवढेच बोलले. आमच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही, पण बोल आम्हाला लागायचा तो लागला.

वीज ही गोष्ट आपल्या चळवळीला परकी नाही. 1942 ते 1946 या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्या खात्याकडे होता. 25 ऑक्टोबर 1943 रोजी त्यांनी युद्धानंतरच्या वीजविकासावर जे भाषण केले, त्यात वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय या देशातले दारिद्र्य हटणार नाही, असा विचार मांडला. वीज कोणासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हा सबंध देशासाठी सोडवायला घेतला होता. आम्हाला मात्र सहा तंबूंसाठीही तो सुचला नव्हता.

2020 आणि 2021 ही दोन वर्षे कोरोनाने खाल्ली. 2022 साली त्याच जागी 7 ते 16 मे असे शिबिर ठरले. शेतावरून वायर जाणार नव्हतीच. या वेळी बॅटरी कुठून आणायची याचा विचार चालला असता वस्तीतल्या एका तरुणाने डोके लढवले. आपल्याकडे कापसाचा भाग, फवारणीचे बॅटरीपंप घरोघर आहेत आणि मे महिन्यात ते पडूनच असतात. पंपाच्या तळाशी 12 व्होल्टची, 8 अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असते. ती काढली तर काखेत मारून नेता येते.

लगेच वही उघडली. 12 गुणिले 8 म्हणजे 96 वॅट-तास. या शिशाच्या बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या केल्या तर लवकर मरतात, म्हणून निम्मीच खर्चायची, 48. बाजारात थेट 12 व्होल्टवर चालणारे छोटे जाळीचे पंखे मिळतात. आम्ही आणलेला पंखा कमी वेगावर 8 वॅट घेतो. 48 भागिले 8, बरोबर सहा तास. रात्री दहा ते पहाटे चार. चारनंतर हवा आपोआप गार होते. असे आठ पंखे घेतले. आठही पंख्यांचा रात्रभराचा खर्च 384 वॅट-तास. 2019 साली मंडपात दीड तासात आम्ही एवढी वीज उडवीत होतो.

पंपांच्या बाबतीत एक धोका होता आणि तो आम्ही हलका मानला नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पंप शिबिराच्या आवारात आणायचे नाहीत असे ठरले. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून विहिरीपासून दूर बॅटऱ्या काढल्या, साबणाच्या फडक्याने पुसल्या आणि हात धुऊनच पुढचे काम केले.

दिवसा वस्तीत वीज असेल तेव्हा एकेका घरात एकेक बॅटरी चार्ज होई. ज्यांना पैशाचे दान देणे शक्य नव्हते त्या मायमाउल्यांनी हे दान दिले. संध्याकाळी वंदनेच्या आधी बॅटऱ्या कडेवर लेकरू घ्यावे तशा घेऊन त्या येत. सात तंबू होते, सात पंखे तिथे. आठवा पंखा आजाऱ्यासाठी राखलेल्या तंबूत आणि त्याला दोन बॅटऱ्या. मंचाला एकही नाही.

ज्यांना आपल्या शिबिरात किंवा राहुटीत असे करायचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो.

भर दुपारी पंख्यावर विसंबू नये. हवाच 40 अंशांच्या वर तापलेली असली की पंखा गरम वारा अंगावर फेकतो आणि शरीर उलट तापते. दुपारी झाडाची सावली, पाणी आणि अंगावर ओले फडके हाच उपाय. बॅटरी रात्रीसाठी राखावी.

रात्री तंबूच्या समोरासमोरच्या दोन बाजू वर उचलून बांधाव्यात. पंखा तंबूच्या तोंडाशी, बाहेरची गार हवा आत लोटील असा ठेवावा. त्याच्यापुढे हातभर अंतरावर ओली चादर टांगली तर आपल्या कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. कोकणात दमट हवेमुळे याचा तितका उपयोग होत नाही. वाऱ्यामुळे मच्छरही अंगावर टिकत नाहीत, हा आणखी फायदा.

बॅटरीच्या अधिक टोकाच्या वायरीत लहान फ्यूज जरूर टाकावा. दोन टोके एकमेकांना भिडली तर वायर जळते आणि तंबू कापडाचा असतो. चार्जिंग चुलीजवळ किंवा झोपायच्या जागी करू नये, कारण शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघू शकतो. पंख्याला जाळी असावी, लहान मुले बोट घालतात.

एखाद्या कुटुंबालाच तान्ह्या बाळासाठी सोय करायची असेल तर मोबाइलची पॉवरबँकही चालते. 10,000 आकड्याच्या पॉवरबँकेत 37 वॅट-तास असतात. काही वाया जातात, उरलेल्यात 3 वॅटचा छोटा पंखा आठ-नऊ तास फिरतो. पण पॉवरबँक फुगलेली दिसली तर ती वापरू नये आणि कोणतीही उन्हात ठेवू नये.

2022 च्या त्या शिबिरात ती आजी पुन्हा स्वयंपाकाला आली. नातू आता बारा वर्षांचा. त्या वर्षी तो श्रामणेर नव्हता, पण संध्याकाळी कोणत्या तंबूत कोणती बॅटरी गेली याची यादी त्याच्या हाती होती. अक्षर सुरेख. समारोपाच्या रात्री प्रमुख पाहुण्यांना घाम आलेला पाहून एक कार्यकर्ता आजाऱ्यांच्या तंबूतला पंखा उचलायला निघाला. तंबू रिकामाच होता, कोणी आजारी नव्हते. त्या मुलाने यादी दाखवून त्याला अडवले, "हा इथंच राहीन, रात्री कोनाले लागला तं?" पाहुण्यांच्या कानावर हे गेले. त्यांनी हसून पुठ्ठा मागून घेतला आणि स्वतःच वारा घेत भाषण केले. भाषणही, खरे सांगायचे तर, आटोपशीर झाले.

रात्री एकच्या सुमारास आम्ही तंबूंवरून फेरी मारली. सगळीकडे पंख्यांची बारीक घरघर चालू होती आणि मुले शांत झोपली होती. आजी चुलीपाशी बसली होती. तिने विचारले, "झोपले का सारे?" आम्ही म्हटले, "झोपले, आजी." ती म्हणाली, "मंग तुमी बी झोपा आता."

येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावी शिबिर भरेल तेव्हा पत्रिका छापण्याआधी एक वही घ्या. वीज किती जमा आणि कोणाच्या खाती किती खर्च, ते लिहून काढा. पहिल्या ओळीवर सर्वांत लहान आणि सर्वांत अशक्त माणसाचे नाव लिहा. मंचाचे नाव शेवटी, शिल्लक उरली तर.

जयभीम. नमो बुद्धाय.